संथ भयपट: सगळे एकदम का घाबरत नाहीत?

रातकिडा (धागाकर्ता)

मागच्या शनिवारी आमच्या घरी सहा जणांनी मिळून 'हेरेडिटरी' हा अमेरिकन भयपट पाहिला. माझी तिसरी वेळ, बाकी पाचही जणांची पहिलीच. (पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा, पाहून या, मग वाचा. खरंच सांगतो, नाहीतर हातातलं काहीतरी कायमचं जाईल.)

शेवटाकडे एक प्रसंग आहे. घरातला तरुण मुलगा पीटर मध्यरात्री आपल्या खोलीत जागा होतो. निळसर काळोख, पलंग, मागे भिंत. आणि त्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, छताला लागून, त्याची आई पालीसारखी चिकटून आहे. कॅमेरा तिच्याकडे वळत नाही. संगीताचा दणका बसत नाही. दिग्दर्शक ॲरी ॲस्टर बोट दाखवून काही सांगतच नाही. ती तिथे आहे आणि आपण कधी बघतो ते आपल्यावर.

या वेळी मी टीव्हीकडे पाहिलंच नाही, पाच जणांचे चेहरे बघत बसलो. बायकोने दोनतीन सेकंदांतच माझं मनगट घट्ट धरलं. नंतर बराच वेळ काही नाही. मग मेहुणा अगदी हळू "अरे..." म्हणाला आणि त्याने लोंबणारे पाय सोफ्यावर वर घेतले. शेजारी बसलेला मित्र त्याच्याकडे बघून हसला, "काय झालं रे?" त्याला काही दिसलंच नव्हतं. मित्राच्या बायकोला दिसलं होतं, पण ती बोलली नाही, तिने नुसती ओढणी गळ्याशी घेतली. आणि शेजारच्या काकांना शेवटपर्यंत दिसलं नाही. जेवताना सांगितलं तर म्हणाले, "छे, तिथे कोणी नव्हतं."

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. नेहमीच्या भयपटात सगळं थिएटर एका क्षणी किंचाळतं, मग एकमेकांकडे बघून हसतं, आणि ती भीती वाटून घेतली जाते. संथ भयपटात मात्र भीती एकेकाला वेगळी गाठते. मी घाबरलो तेव्हा शेजारचा पॉपकॉर्न खात असतो. तो घाबरतो तेव्हा मी पुढे गेलेलो असतो. सोबत म्हणून गेलो आणि एकटेच पडलो, असं काहीतरी होतं.

अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची पाहणी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू आहे. पहिल्या रात्री थिएटरात कार्ड वाटतात, प्रेक्षक ए प्लस ते एफ अशी श्रेणी देतात. 'हेरेडिटरी'ला २०१८ मध्ये समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी डी प्लस दिला. असेच बाकीचे संथ सिनेमे बघा, 'द विच'ला सी मायनस, 'इट कम्स ॲट नाइट'ला डी, 'मदर!'ला थेट एफ. 'मिडसोमार'ला त्यातल्या त्यात बरा, सी प्लस. याच लोकांनी 'द कॉन्ज्युरिंग' या नेहमीच्या धाटणीच्या भयपटाला ए मायनस दिला होता. तरीही 'हेरेडिटरी'ने जगभरात आठ कोटी डॉलरच्या वर कमावले, म्हणजे लोक येत राहिले. नाराज होऊन गेलेल्यांनीच दुसऱ्यांना धाडलं असेल का?

तुमचे अनुभव लिहा. चित्रपट आवडला की नाही, एवढ्यावर थांबू नका. बघताना आजूबाजूला काय घडत होतं तेही लिहा.

चाफेकळी

मी न्यू जर्सीत असते, 'हेरेडिटरी' पहिल्याच आठवड्यात थिएटरात पाहिला होता. शुक्रवारची रात्र, बहुतेक कॉलेजची मुलं. पहिला पाऊण तास नुसती चुळबुळ, फोनचे उजेड. आणि मग गाडीचा प्रसंग आला. पीटरच्या धाकट्या बहिणीला, चार्लीला ॲलर्जीचा झटका आलाय, पीटर वेगात गाडी हाकतोय, ती श्वासासाठी खिडकीबाहेर डोकं काढते, विजेचा खांब. त्यानंतर कॅमेरा पीटरच्या चेहऱ्यावर थांबतो आणि हलायचं नाव घेत नाही. तो मागे वळून बघत नाही, त्यामुळे आपल्यालाही बघता येत नाही.

त्या वेळी आमच्या थिएटरात जी शांतता पसरली, तशी मी मंदिरातही अनुभवलेली नाही. दोनशे माणसं आणि कोणाची खुर्चीसुद्धा वाजली नाही. मग तिसऱ्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. आणि त्याच्यामागून आणखी चारपाच जण.

तेव्हा मला भयंकर राग आला होता. आता तुमचं वाचून वाटतं, त्या मुलाला ती शांतता सहन झाली नसेल. आपल्याला जे झालं तेच बाकीच्यांना झालंय का, हे त्याला कोणाकडून तरी कळून घ्यायचं असेल. आणि काळोखात विचारणार कसं? मग हसून विचारलं.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, दहाव्याला नदीवर बसल्यावर एखाद्याला हसू फुटतं, तसंच हे.

पिवळा बल्ब

मला इथे थोडं वेगळं मांडायचं आहे. रागावू नका.

संथ म्हणजे चांगला, हे समीकरण गेल्या दहा वर्षांत फार बोकाळलंय. लांबलचक बोळ, मागे घुं घुं असा आवाज, कोणीतरी म्हातारी दारात उभी राहून मंद हसतेय, आणि दोन तासांनी कळतं की हे सगळं दुःखाचं रूपक होतं. असे डझनावारी पाहिले. त्यांतल्या बहुतेकांत दिग्दर्शकाकडे सांगायला काही नव्हतं म्हणून तो हळू चालत होता. प्रेक्षक कंटाळला तर तो अडाणी ठरतो, हे मला पटत नाही.

आणि श्रेणीचं म्हणाल तर 'इट कम्स ॲट नाइट'चं उदाहरण घ्या. नावातच म्हटलंय की रात्री काहीतरी येतं. जाहिरातीत लाल दार, कुत्रा जंगलाकडे बघून भुंकतोय. माणूस तिकीट काढून बसतो आणि काहीच येत नाही. दोन कुटुंबं एकमेकांवर संशय घेतात आणि एकमेकांना संपवतात. माझ्या मते सिनेमा चांगला आहे. पण आमरस सांगून ताटात कैरीचं लोणचं वाढलंत, तर लोणचं कितीही मुरलेलं असलं तरी पाहुणा रुसणारच. तो डी जाहिरातीला होता.

रातकिडा

पिवळा बल्ब, जाहिरातीबद्दल शंभर टक्के मान्य. 'हेरेडिटरी'चीही जाहिरात अशी होती की सगळं त्या लहान मुलीभोवती फिरेल असं वाटावं. आणि ती तर पहिल्या पाऊण तासातच जाते. मला ती फसवणूक आवडली, पण ज्याला आवडली नाही त्याला मी दोष देणार नाही. वाईट संथ सिनेमे ढिगाने आहेत हेही खरं.

पण एक फरक बघा. वाईट संथ सिनेमात चौकटीत शोधायला काही नसतं. 'हेरेडिटरी' मी तिसऱ्यांदा पाहिला तेव्हाही आजीच्या अंत्यविधीतले अनोळखी हसरे चेहरे नव्याने दिसले. हे लोक पुढे कुठे कुठे उभे आहेत ते मोजत बसलो. संथपणा हवाच असतो तो यासाठी. डोळ्यांना चौकटभर हिंडायला वेळ मिळाला पाहिजे.

ध्वनिवेडा

मी मुंबईत मिक्सिंग स्टुडिओत काम करतो, म्हणून आवाजाच्या बाजूने लिहितो. धागाकर्त्यांनी जे पाहिलं ("एकेकाला गाठते") त्याचं उत्तर बरंचसं आवाजात आहे.

नेहमीच्या दचकवणाऱ्या प्रसंगाची कृती ठरलेली. आधी सगळे थर खाली आणायचे, पंख्याचा, रस्त्याचा, अगदी खोलीचा स्वतःचा आवाजसुद्धा. प्रेक्षक नकळत कान टवकारतो. मग एका फ्रेमवर दणका. खांदे उडतात, पापण्या मिटतात, आणि काय दिसलं ते कळायच्या आत हे होऊन जातं. ती शरीराची प्रतिक्रिया आहे, म्हणून ती सगळ्यांना एकाच वेळी होते. १९४२ चा 'कॅट पीपल' बघा. रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एक बाई चाललीय, मागून चपलांचा आवाज, मग तोही थांबतो, आणि अचानक फिस्स करून चौकटीत बस शिरते. निर्माते होते व्हाल लूटन. आजही या युक्तीला त्यांच्या नावाने 'लूटनची बस' म्हणतात. मजा अशी की त्या सिनेमात दणका तो एवढाच, बाकी सगळं सावल्यांवर आणि न दाखवण्यावर चाललंय. पुढच्यांनी बस उचलली आणि सावल्या सोडून दिल्या.

'हेरेडिटरी'त कोपऱ्यातल्या आईवर दणका ठेवला असता तर सहाही जण एकाच क्षणी दचकले असते आणि काकांनाही ती दिसली असती. दणका म्हणजे दिग्दर्शकाने "आता बघ" म्हणून दिलेली हाक. ती दिली नाही म्हणून प्रत्येकाला आपापल्या वेळेला बघावं लागलं.

त्याच सिनेमात चार्लीचा जीभ टाळ्याला लावून 'टॉक्' करायचा चाळा आहे. सुरुवातीला चारपाच वेळा सहज ऐकवलाय. ती गेल्यावर बऱ्याच वेळाने रिकाम्या खोलीत एकदाच, मोठा न करता, तो आवाज येतो. सगळी मेहनत आधीच झालेली असते.

कळकळीची विनंती, हे सिनेमे मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका. खालच्या पट्टीतले आवाज तो स्पीकर काढूच शकत नाही. 'हेरेडिटरी'चं कॉलिन स्टेटसनने दिलेलं अर्धं संगीत तुमच्यापर्यंत पोचणारच नाही आणि तुम्ही म्हणाल, "बोअर झाला." साधे शंभरदोनशे रुपयांचे इअरफोनसुद्धा चालतील.

जुना प्रेक्षक

वय सत्तरीच्या पुढे, टायपायला वेळ लागतो, तरी लिहितो.

'द शायनिंग' आज सगळे देव्हाऱ्यात ठेवतात. १९८० साली तसं नव्हतं. अमेरिकेत वाईटाला मिळणारे रॅझी पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षी त्याचा दिग्दर्शक कुब्रिक याचं नाव वाईट दिग्दर्शकांच्या यादीत होतं आणि शेली डुव्हालचं वाईट अभिनेत्रींच्या. तिचं नामांकन त्यांनी २०२२ मध्ये मागे घेतलं, एक्केचाळीस वर्षांनी. खुद्द कुब्रिकने प्रदर्शनानंतर शेवटचा रुग्णालयातला प्रसंग काढून टाकला, आणि युरोपात पाठवलेली प्रत सुमारे २५ मिनिटांनी छोटी होती. संथ सिनेमाबद्दल खुद्द त्यालाही धाकधूक होती, असाच मी याचा अर्थ लावतो.

आता माझा मुद्दा. आमच्या पिढीने भीती शिकली ती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्याकडून. धारपांच्या कथांत कितीही अघोरी काही वाढून ठेवलेलं असलं तरी शेवटी त्यातून सोडवणारे 'समर्थ' (धारपांचं ठरलेलं पात्र) येतात. पांढऱ्या पानावर ते नाव दिसलं की मी पोटावरचं पांघरूण सैल करायचो. मतकरींकडे मात्र समर्थ नाहीत. तिथे नेहमीचा जिना, नेहमीचं बिऱ्हाड, नेहमीचा माणूस, आणि शेवटच्या ओळीत पायाखालचं काढून घेतात. मतकरी वाचून मी दिवा चालू ठेवून झोपलोय, धारप वाचून कधीच नाही.

धागाकर्त्यांनी दिलेल्या श्रेण्या पुन्हा वाचा. 'द कॉन्ज्युरिंग'मध्ये भुतंखेतं घालवणारे वॉरन नवराबायको येतात, मंत्र म्हणतात, घर सुटतं. ते समर्थच की! 'गेट आउट'लाही ए मायनस आहे, तिथे शेवटी मित्र गाडी घेऊन पोचतो. 'हेरेडिटरी'त कोण येतं? कोणीच नाही. उलट शेवटी कळतं की सुटका कधी शक्यच नव्हती, सगळं आजीने आधीच ठरवून ठेवलं होतं. लोकांची तक्रार संथपणाबद्दल नसावी. समर्थ आले नाहीत, ही त्यांची तक्रार आहे.

चाफेकळी

जुना प्रेक्षक, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. इतकी वर्षं हे सिनेमे बघतेय, वॉरन आणि समर्थ यांची जोडी कधी लावली नव्हती. मात्र 'द विच'चं काय करायचं? तिथे १६३० च्या सुमाराचं धर्मभोळं कुटुंब आहे, प्रार्थना सतत चालू, म्हणजे समर्थांना हाक मारणं चालूच. आणि येतो तो काळा बोकड. मला वाटतं, हाक मारून कोणी न येणं हे त्याहून भयंकर.

उसाचा फड

मी सांगलीकडचा. इंग्रजी सिनेमांवर लिहिण्याइतकं माझं पाहणं नाही. पण 'लपाछपी' (२०१७) हा मराठी भयपट इथे कोणी काढला नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्यात काही दिवस रात्रीचीच असते. उसाला दारं धरायला रात्री एकदोन वाजता बॅटरी घेऊन जावं लागतं. दहाबारा फुटांचा ऊस, सरीत घोट्यापर्यंत पाणी, आणि वारा पडलेला असला तरी पाला कुठेतरी वाजतोच. बिबट्या असेल, डुक्कर असेल, नुसतं पाचट असेल. तुम्ही थांबलात की तोही आवाज थांबतो. ही भीती सिनेमात दाखवता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

विशाल फुरिया यांनी दाखवली. उसाच्या मधोमध घर, पोटुशी नेहा (पूजा सावंत), आणि बाहेर पडायची वाट नाही. पुढे त्यांनीच हिंदीत 'छोरी' केला. पण माझी आई मुलांच्या भुतांना घाबरली नाही. ती घाबरली उषा नाईकांच्या तुळसाबाईला. ती प्रेमाने जेवू घालते, रीतिभाती सांगते, डोक्यावरून हात फिरवते. आई म्हणाली, "ही बाई मला ठावी हाय." मी विचारलं कोण, तर उत्तर दिलं नाही. सिनेमा पोटातल्या मुली मारण्याबद्दल आहे. आईच्या पिढीत प्रत्येक वाडीवर अशी एखादी तुळसाबाई असणार.

थिएटरात माझ्या मागे तरुण पोरं शिट्ट्या मारत होती, मुलं दिसली की ओरडत होती. बायका मात्र तुळसाबाई आली की गप्प. एकाच सिनेमाला दोन वेगळे प्रेक्षक होते.

रातकिडा

उसाचा फड, तुमच्या आईचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. "एकेकाला गाठते" याचा मी फक्त वेळेच्या अंगाने विचार केला होता, कोण आधी बघतं आणि कोण नंतर. तुम्ही सांगताय की जागाही वेगळी असते. जिला तुळसाबाई ठाऊक आहे तिची भीती मला होणारच नाही.

पिवळा बल्ब

जुना प्रेक्षक यांचा समर्थांचा मुद्दा पटला, आधीच्या माझ्या प्रतिसादात तो सुटलाच होता.

आपल्या थिएटरांबद्दलही लिहायला हवं. मध्यंतर! इंग्रजी सिनेमात मध्यंतर लिहिलेलंच नसतं, मग थिएटरवाला वाटेल तिथे तोडतो, कित्येकदा वाक्याच्या मध्यात. नाचगाण्याच्या सिनेमाचं त्याने काही बिघडत नाही. पण ज्याने तासभर ताण एकेक धागा करत वळलाय, त्याच्या मध्यात दिवे लागतात, समोश्याची रांग, पार्किंगवरून वाद. परत येऊन बसलं की पहिल्यापासून सुरू. शिवाय पडद्यावर कोणी सिगरेट ओढली की खाली पांढऱ्या अक्षरांत इशारा. काळोख्या प्रसंगात ती पट्टी सगळ्यात उजळ असते, डोळे तिथेच जातात. २०२३ च्या सप्टेंबरपासून घरच्या ओटीटीवरही ती सक्तीची झाली. इशाऱ्यामागचा हेतू मला मान्य आहे, पण चौकटीचा कोपरा न् कोपरा धुंडाळायला लावणाऱ्या सिनेमाचं त्याने काय होतं तेही बघा.

राम गोपाल वर्मांच्या 'कौन'ला (१९९९) हे बरोबर समजलं होतं. जेमतेम दीड तास, एकही गाणं नाही, एक घर, बाहेर पाऊस, आत उर्मिला मातोंडकर एकटी आणि दारात मनोज बाजपेयी. तेव्हा चालला नाही. आज कोणालाही विचारा, पाहिलेला असतो.

तळमजला

'तुंबाड'चंही तेच झालं ना! २०१८ मध्ये बेताचाच चालला. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावला. मी दोन्ही वेळा गेले होते, पुण्यातच. पहिल्या वेळी थिएटरात वीसेक माणसं, त्यातली चार मध्यंतरानंतर आलीच नाहीत. दुसऱ्या वेळी भरगच्च. आणि मला खरं सांगायचं तर पहिली वेळ जास्त भीतीदायक होती. दुसऱ्या वेळी लोक हस्तर (त्यातला राक्षस) यायच्या आधीच टाळ्या वाजवत होते. प्रेमानेच वाजवत होते, मलाही भरून आलं, दिग्दर्शक राही बर्वे यांनी इतकी वर्षं त्या सिनेमासाठी घातली त्याचं चीज झालं. पण पाऊस, ओला वाडा आणि आतल्या खोलीत साखळदंडातली म्हातारी, हे मला त्या वीस माणसांच्या सोबतीनेच परत बघायचंय.

२०२४ च्या फेब्रुवारीत 'ब्रमयुगम' हा मल्याळम सिनेमा उपशीर्षकांसह पाहिला, तोही कृष्णधवल. मामूट्टी आणि तो सोंगट्यांचा डाव! भाषा येत नसल्यामुळे असेल, पण थिएटरात कोणी बोललं नाही.

गोधडी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण गाडीच्या प्रसंगाबद्दल चाफेकळी यांनी लिहिलं, त्याच्या पुढचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पीटर घरी येतो, गाडी तशीच सोडतो, कोणाला काही न सांगता पलंगावर पडतो. डोळे उघडे. सकाळ होते. खाली आईच्या हालचाली ऐकू येतात, ती गाडीकडे जाते. आपण अजून पीटरच्याच चेहऱ्यावर आहोत. मग आईचा हंबरडा ऐकू येतो.

चार वर्षांपूर्वी माझा दीर अपघातात गेला. फोन सासूबाईंनी घेतला, स्वयंपाकघरात. मी आतल्या खोलीत बाळाला थोपटत होते. मला काय झालं ते माहीत नव्हतं, पण तो आवाज ऐकला आणि सगळं कळलं. मी उठले नाही. थोपटत राहिले, कारण मी उठले असते तर ते खरं झालं असतं.

मी सिनेमा तिथेच बंद केला. आठ महिन्यांनी उरलेला पाहिला. पुढचं भुताखेताचं मला अजिबात लागलं नाही. कोपऱ्यातली आई दिसली, पण तोवर मी घाबरून झाले होते. ज्याने तो प्रसंग तसा ठेवला, दुसऱ्या खोलीतून, त्याला हे कुठून कळलं असेल असं राहून राहून वाटतं. हा आवाज खोटा नाही एवढं मी सांगू शकते. डी द्यायचा की ए, ते मला सांगता येणार नाही.

चाफेकळी

गोधडी, लिहिलंत म्हणून आभार. माझ्या थिएटरातल्या त्या शांततेत तुमच्यासारखं कोणी बसलेलं असेल, हा विचार मला आजवर शिवला नव्हता.

ध्वनिवेडा

गोधडी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईचं काम करणाऱ्या टोनी कोलेटचा तो हंबरडा बाहेरून, भिंतीपलीकडून येतो तसाच ठेवलाय, जवळ आणलेला नाही. कामाच्या सवयीने मी त्याकडे नेहमी मिक्सिंग म्हणून पाहत आलो.

तांबडं फुटलं

पहिल्या परिच्छेदातला इशारा वाचून धागा तिथेच बंद केला होता. काल रात्री बहिणीबरोबर 'हेरेडिटरी' पाहिला, दिवे बंद करून, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. आज सकाळी धागा पूर्ण वाचला.

मला कोपऱ्यात कोणी दिसलं नव्हतं. चहा घेताना बहिणीला विचारलं, "तुला दिसली होती?" म्हणाली, "हो, लगेच." मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तू झोपणार होतीस ना त्याच खोलीत."